गुणसूत्राचे संपादक

मार्च २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाव फुगवणारे, द्राक्षरस आंबवणारे हे यीस्ट. मराठी विश्वकोशीय परिभाषेत किण्व. त्याचे एक संपूर्ण गुणसूत्र प्रयोगशाळेत जुळवून, मूळ गुणसूत्राच्या जागी बसवून, पेशी जिवंत ठेवल्याचा तो वृत्तान्त होता. साहित्याच्या अभ्यासकांनी याची दखल का घ्यावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या विज्ञानशाखेतील एका स्नेह्याने त्या निबंधाचे पहिले पान आमच्यापुढे ठेवले तेव्हा आम्हालाही तो पडला होता. त्याने बोट ठेवले ते लेखकांच्या नावांवर. ती यादी लांबलचक आहे, आणि तिच्यात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेणारी कितीतरी मुले आहेत. ‘साहाय्य केल्याबद्दल आभार’ या तळटीपेत त्यांची बोळवण केलेली नाही. ती लेखक आहेत.

या यादीने आम्हाला अस्वस्थ केले. त्याचे कारण पुढे येईलच.

मूळ उपक्रम म्हणजे एक अभ्यासक्रम. जेफ बुके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो ‘बिल्ड अ जीनोम’ या नावाने सुरू केला. यीस्टच्या पेशीत १६ गुणसूत्रे आहेत आणि त्यांवरचा मजकूर सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा आहे. (अक्षर म्हणजे येथे डीएनएमधील बेसची एक जोडी. हे रूपक शास्त्रज्ञांचेच आहे, आम्ही ते लादलेले नाही.) हा मजकूर नव्याने जुळवायचा तर पुष्कळ हात हवेत, आणि हात तर वर्गात बसलेले होते. या योजनेमागे असा व्यावहारिक हिशेब होता, हे मान्य करून टाकावे. स्वस्तात होणारी कामे विद्यार्थ्यांकडून करून घेण्याची रीत आपल्याकडेही अपरिचित नाही. फरक पडतो तो काम कोणत्या प्रतीचे दिले जाते आणि शेवटी नाव कोणाचे लागते, येथे.

काम असे होते. प्रत्येक विद्यार्थ्याला गुणसूत्राच्या मजकुराचा एक पट्टा नेमून दिला जाई. सुमारे ७० अक्षरांचे, टोकांना एकमेकांवर थोडे चढणारे डीएनएचे तुकडे यंत्रावर बनवून मिळत. ते जोडून सुमारे ७५० अक्षरांचा एक ठोकळा तयार करायचा, तो जिवाणूंत घालून त्याच्या प्रती वाढवायच्या, मग त्या प्रती वाचून घ्यायच्या आणि संगणकावरील संहितेशी अक्षरागणिक ताडून पाहायच्या. एखादे अक्षर गळालेले असे, एखादे बदललेले असे. निर्दोष प्रत सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा हेच. आमच्यापैकी कोणी खिळे जुळवलेले नाहीत, पण मुद्रिते आम्ही सर्वांनीच तपासली आहेत. ७५० अक्षरांत एकही चूक चालणार नाही, अशा अटीवर मुद्रिते तपासायला बसलो तर आपली काय गत होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. पुढे हे ठोकळे जोडून दोन ते चार हजार अक्षरांचे खंड होत आणि ते यीस्टच्या पेशीत सोडले जात. तेथे नवा खंड जुन्याच्या जागी बसवण्याचे काम यीस्ट स्वतःच करते. सारखा मजकूर दिसला की अदलाबदल करण्याची त्याची जुनी खोड आहे. अशा ११ फेऱ्यांत तिसरे गुणसूत्र बदलले गेले.

या तिसऱ्या गुणसूत्राला एक पूर्वेतिहास आहे. १९९२ मध्ये युरोपातील ३५ प्रयोगशाळांनी मिळून ते वाचून काढले होते. पेशीत केंद्रक असलेल्या कोणत्याही सजीवाचे संपूर्ण वाचले गेलेले ते पहिले गुणसूत्र. २२ वर्षांनी तेच पहिल्याने जुळवले गेले. वृत्तपत्रांनी याचे वर्णन ‘जीवनाचे लेखन’ असे केले. आधी वाचन झाले, आता लेखन, अशी ती सोयीची मांडणी. आमचा आक्षेप येथे आहे.

हे लेखन नव्हे. हे संपादन आहे. आणि तसे म्हणण्याने त्या मुलांच्या कामाची किंमत कमी होते, असे ज्याला वाटेल त्याला संपादन म्हणजे काय हे ठाऊक नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांनी स्वतःचे कवित्व बाजूला ठेवले होते, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असेही बजावून ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, वि. स. सुखटणकर १९२५ पासून त्या कामाचे प्रमुख संपादक होते आणि ते पुरे होण्याच्या कितीतरी आधी, १९४३ मध्ये निवर्तले. हाती आलेल्या संहितेसमोर नम्र राहून तिच्यातील प्रत्येक अक्षराचा जाब विचारणे, ही वृत्ती या दोन्ही कामांमागे आहे. बाल्टिमोरच्या मुलांकडे संहिता होतीच. मूळचे गुणसूत्र ३,१६,६१७ अक्षरांचे; त्यांनी सिद्ध केलेले २,७२,८७१ अक्षरांचे. मधले सुमारे ४४ हजार अक्षरांचे अंतर हा खरा चर्चेचा विषय आहे.

काय गाळले? टोकांकडची पुनरावृत्त आवर्तने, जनुकांच्या मध्ये येणारे आणि पुढे कापून टाकले जाणारे इंट्रॉन, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारणारे ते घटक, ज्यांचा शोध मक्याच्या दाण्यांवर काम करणाऱ्या बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी लावला आणि ज्यासाठी त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या परिभाषेत यांना प्रक्षिप्त म्हणावे लागेल. काही जनुके मात्र टाकली नाहीत, तर तेथून उचलून एका स्वतंत्र, नव्याने रचलेल्या गुणसूत्रावर नेण्याचे ठरले; एका अर्थाने परिशिष्टातच टाकली. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, भांडारकरच्या संपादकांनी प्रक्षिप्त भाग तळटिपांत आणि परिशिष्टांत जपला, एकही श्लोक नाहीसा केला नाही. येथे तर सरळ कात्री चालवली. हे पुरते न्याय्य नाही. मूळ संहिता खुल्या संग्रहात आहे आणि मूळ यीस्ट गोठवून ठेवलेले आहे. पण ‘अनावश्यक’ हा शब्द किती सावधपणे वापरावा, हा त्याचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. प्रक्षिप्त ठरवलेल्या ओव्यांनी कधी कधी एखाद्या संप्रदायाचा सबंध इतिहास सांगितला आहे.

याहून मोलाचा धडा समानार्थी शब्दांचा आहे. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो आणि पुष्कळ गट एकाच अर्थाचे असतात. वाक्य संपवणारे, म्हणजे पूर्णविरामाचे, गट तीन आहेत. त्यांपैकी टीएजी हा गट जेथे जेथे येतो तेथे तेथे टीएए घालायचा, असे या योजनेत ठरले. अर्थ तोच राहतो आणि टीएजी मोकळा होतो. पुढेमागे त्याला एखादा नवा अर्थ देता येईल. मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत विरामचिन्हे रुजवली, त्या हकिकतीची आम्हाला आठवण झाली. शिवाय आपले गुणसूत्र मूळच्याहून वेगळे ओळखता यावे म्हणून जनुकांतील छोटे छोटे तुकडे समानार्थी गटांनी बदलले. जणू कागदावरचा जलचिन्हांकित शिक्का. व्याकरणाच्या दृष्टीने हे निर्दोष होते. परंतु चीनमधील त्यानजिन विद्यापीठातील गटाने दहावे गुणसूत्र सिद्ध केले (त्याचा वृत्तान्त २०१७ चा), तेव्हा असे दिसून आले की, समानार्थी म्हणून घातलेला एक तुकडा पेशीला मानवत नाही आणि तिची वाढ मंदावते. तो शोधून दुरुस्त करावा लागला. एका शब्दाच्या जागी दुसरा तंतोतंत बसत नाही, हे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते लिहीत आले. तेथे ते पेशीने सांगितले.

आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याने या प्रकल्पाचा हेवा करावा तो याच ठिकाणी. त्या संपादकांना एक निष्ठुर वाचक लाभला आहे. पाठ बिघडला तर पेशी आजारी पडते किंवा मरते. आमच्या क्षेत्रात बिघडलेल्या पाठाला काहीही होत नाही. तो क्रमिक पुस्तकात जातो, तेथून मार्गदर्शिकेत, तेथून उत्तरपत्रिकेत, आणि शंभर वर्षे धडधाकट राहतो.

त्या गुणसूत्रात ठिकठिकाणी लहानसे सांधेही घातलेले आहेत. एक विशिष्ट विकर सोडले की, या सांध्यांशी मजकूर सुटतो, उलटतो, गळतो, कसाही जुळतो, आणि त्यातून तगून राहणारी यीस्टची नवी वाणे निवडता येतात. येथे संपादकाने पोथीची दोरी मुद्दाम सैल ठेवली आहे. याला काय नाव द्यावे, यावर आमच्यात एकमत नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो. अशा सजीवांच्या सुरक्षिततेचे प्रश्नही आहेत. त्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही.

आता त्या अस्वस्थतेविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागाकडे एका घराण्याच्या दप्तरातले मोडी कागदांचे दोन रुमाल आले. एम. ए. च्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचे देवनागरी लिप्यंतर केले. मोडीत शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद फारसा नाही, हात घाईचा. एकेका बंदावर मुले दोन-दोन दिवस घालवत. एका मुलीने महसुलाच्या एका शब्दाचा आम्ही लावलेला वाचनक्रम चुकीचा ठरवला, आणि तिचे बरोबर होते. संग्रह छापला गेला तेव्हा मुखपृष्ठावर आमची नावे होती आणि प्रस्तावनेत ‘विभागातील काही विद्यार्थ्यांचे साहाय्य झाले’ असे एक वाक्य. ते वाक्य आम्हीच लिहिले होते. त्यात काही गैर आहे, असे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. प्रथाच तशी, असे आम्ही म्हटले असते, आणि ते खरेही होते.

यावर आमच्या व्यवसायबंधूंचे दोन आक्षेप येतील. पहिला, विज्ञानात श्रमाचे वाटप होऊ शकते, समीक्षेत होत नाही. आस्वाद कोणी ठोकळ्या-ठोकळ्याने घेत नाही. हे खरे आहे. परंतु मराठीच्या अभ्यासात आस्वादाआधीची केवढी कामे पडून आहेत! बोलींचे शब्दसंग्रह, जुन्या नियतकालिकांच्या सूची, अप्रकाशित बाडे, एकाच लावणीची पाठांतरे. ही कामे तुकड्यांनी करता येतात आणि तुकड्यांनी तपासताही येतात. दुसरा आक्षेप, आमच्या विद्यार्थ्यांची तेवढी तयारी नसते. बाल्टिमोरच्या विद्यार्थ्यांत अभियांत्रिकीचे होते, संगणकाचे होते; ज्यांनी कधी यीस्ट हाताळले नव्हते असेही असणार. म्हणूनच अभ्यासक्रमाचा आरंभ प्राथमिक कौशल्यांपासून होत असे, आणि अपयशी ठरलेले ठोकळे सर्वांसमोर मांडून त्यांवर चर्चा होई. तयारी कामातून झाली. आमच्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना संशोधन प्रकल्प आला आहे. त्याचे विषय आम्ही पाहत आहोत. ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील ग्रामजीवन’. या प्रकल्पांची उत्तरे आम्हाला आधीच ठाऊक आहेत, आणि विद्यार्थ्यांना आमच्याहून आधी.

यीस्टचे सोळावे आणि अखेरचे गुणसूत्र सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील गटाने सिद्ध केल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. २००७ च्या त्या वर्गातील मुले आता आमच्याहून थोडीशीच लहान असतील.

मोडी कागदांच्या त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती निघायची आहे. मुखपृष्ठावर नाही, तरी आतल्या पानावर लिप्यंतरकार म्हणून सर्वांची नावे घालावीत, आणि प्रत्येक कागदाखाली तो कोणी वाचला हे नोंदवावे, असे आम्ही ठरवले आहे. हजेरीपट, जुन्या वह्या, वर्गाची छायाचित्रे असे सारे धुंडाळून झाले. अकरांपैकी नऊ नावे लागली. महसुलाचा तो शब्द वाचणाऱ्या मुलीचे नाव अजून सापडलेले नाही. तिचे अक्षर मात्र आमच्यापाशी आहे.