नगरपालिकेत कोण बसले, आणि कशासाठी?



डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. २१ डिसेंबरला मतमोजणी झाली, गुलाल उधळला गेला, फटाके वाजले. त्याआधी बहुतेक ठिकाणी काही वर्षे प्रशासकाचा कारभार होता. आता लोकांनी निवडलेली माणसे पुन्हा खुर्चीवर बसली आहेत.

आपल्या पत्रिकेत लागणीचे, खोडव्याचे, खताचे लिहावे; नगरपालिकेचे कशाला, असे काही सभासद म्हणतील. त्यांना आमचे सांगणे असे की तालुक्याचे गाव आता लांब राहिलेले नाही. आपली मुले तिथे शिकतात, आजारपणाला आपण तिथे जातो, आपला भाजीपाला तिथल्या मंडईत जातो. इतकेच नव्हे, तर ते गाव आपल्या बांधापर्यंत आले आहे. हद्दवाढ झाली की कालचे उसाचे रान आज पालिकेच्या नकाशावर येते. विकास आराखड्यात एखाद्याच्या गटावर बगीचा पडतो, एखाद्याच्या गटातून साठ फुटी रस्ता जातो, आणि शेजारचा गट मात्र अलगद सुटतो. गावाचे सांडपाणी ओढ्याने नदीला मिळते आणि तेच पाणी आपल्या मोटारी उपसतात. तेव्हा सभागृहात कोण बसले आहे, हे पाहणे आपलेही काम आहे.

कोण बसले आहेत? कोणत्याही लहान शहरात पाहा, मंडळी साधारण तीच दिसतात. मेडिकलवाले, आडते, वकील, निवृत्त मास्तर, पतसंस्थेचे संचालक, तालीम आणि गणेश मंडळातून वर आलेले तरुण. अलीकडे प्लॉटचे व्यवहार करणारे आणि बांधकाम व्यावसायिक वाढले आहेत. महिलांना १९९३ पासून एक-तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. यामुळे सभागृहाचा चेहरा बदलला, हे मान्यच केले पाहिजे. काही ठिकाणी सौभाग्यवती निवडून येतात आणि कारभार यजमान पाहतात, हेही खरे. पण नळाला पाणी किती वाजता येते आणि किती मिनिटांत जाते, हे ज्या बाईला पाठ आहे, तिच्यापेक्षा पाणीपुरवठ्याचा जाणकार कोण? तिला बोलू दिले पाहिजे, एवढेच.

धंद्यावरून माणूस वाईट ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते शेती करीत होते आणि सरकारी बांधकामांची ठेकेदारीही त्यांनी केली होती. म्हणजे आजच्या भाषेत ठेकेदार नगरसेवक! पण १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेने एक हजार रुपये खर्चावेत असा विषय आला, तेव्हा विरोधात उभे राहिले ते एकटे जोतीराव. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठेकेदारीने त्यांचे तोंड बंद झाले नाही, कारण सभागृहात कशासाठी बसलो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सहकारातली माणसे पालिकेत जाणे हेही नवे नाही. कराडचे पी. डी. पाटील अनेक दशके तिथले नगराध्यक्ष होते आणि सह्याद्री सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षही होते. तेव्हा पूर्वपीठिका लपवू नये आणि तिची लाजही बाळगू नये. उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते. मतदानाआधी ते शपथपत्र वाचतो कोण? आपण वाचतो ते फ्लेक्सवरचे नाव.

खरी अडचण धंदा आणि खुर्ची एकमेकांत मिसळतात तिथे आहे. पालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, असे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आहे. मग ठेका मेहुण्याच्या नावावर निघतो, असे चावडीवर बोलले जाते. प्लॉटच्या धंद्यातला माणूस आरक्षण ठरवायला बसला, तर त्याने त्या विषयापुरते उठून बाहेर जावे. नाहीतर कुंपणच शेत खाते म्हणायची पाळी येते, आणि इथे शेत आपलेच असते!

आता उद्दिष्टांकडे वळू. जाहीरनामे उघडून पाहा. ‘सर्वांगीण विकास’, ‘स्वच्छ, सुंदर शहर’, ‘युवकांच्या हाताला काम’. पक्षाचे चिन्ह झाकले तर कुणाचा जाहीरनामा कोणता हे ओळखू येणार नाही. यात उद्दिष्ट कुठे आहे? मोजता येते ते उद्दिष्ट. आम्ही सभासदाला ‘चांगला ऊस आणा’ एवढेच सांगत नाही. एकरी टन विचारतो, उतारा विचारतो. तोच हिशेब इथे लावावा. पाणी रोज किती वेळ येईल? ओला-सुका कचरा वेगळा किती घरांतून येतो? सांडपाण्यातले किती शुद्ध होऊन नदीत जाते? १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा कारखान्याला लागू आहे तसा पालिकेलाही लागू आहे. कारखान्याच्या धुराड्याकडे आणि मळीकडे सगळ्यांची नजर असते. गावच्या नाल्याकडे कुणाची आहे?

आणि हे लहान गावाला जमत नाही, असेही नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील शहरांत २०२० साली देशात कराड पहिले आले, त्यामागे सासवड आणि लोणावळा. २०२१ साली विटा पहिले आले. कराडशेजारच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना राबविली. ही आपल्यासारख्याच भागातली, ऊसपट्ट्यातली नाहीतर डोंगराकडेची गावे. त्यांच्याकडे काही सोन्याची खाण नव्हती.

पैसा नाही ही नगरसेवकांची तक्रार अगदीच खोटी नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागते. घरपट्टी वाढवावी तर मते जातात. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हेही धड ठरत नाही. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. या ओढाताणीत काम करणाऱ्याचीही दमछाक होते. म्हणूनच त्याला जाब विचारायचा तसा कामाच्या वेळी हातभारही लावायचा. थकलेली पट्टी भरली नाही आणि गटाराबद्दल ओरडलो, तर त्याला अर्थ नाही.

मुख्य मुद्दा जाब विचारण्याच्या जागेचा आहे. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल आणि ताळेबंद सभासदाच्या हातात असतो. दोन एकरवाला सभासदही उठून तोडणी-वाहतुकीचा खर्च विचारतो, एफआरपी विचारतो. अध्यक्षांना ऐकून घ्यावे लागते. खेड्यात ग्रामसभा आहे. मोठ्या शहरात प्रभाग समिती आहे. राज्यघटनेने ती तीन लाख आणि त्यावरील वस्तीच्या शहरांना सक्तीची केली आहे. मधल्या गावाचे काय? पन्नास हजार वस्तीच्या गावात नागरिकाने उभे राहून विचारावे अशी जागाच उरत नाही. शिवाय आता एका प्रभागात दोन-दोन नगरसेवक. गटार तुंबले तर हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो याच्याकडे.

ही जागा आपण तयार करावी, अशी आमची सूचना आहे. नव्या नगरसेवकांनी दर वर्षी अंदाजपत्रकाआधी आपल्या प्रभागात एक उघडी सभा घ्यावी. मागच्या वर्षी काय बोललो, काय झाले, किती खर्च आला, हे एका कागदावर छापून वाटावे. आपल्या धंद्याचा पालिकेच्या कुठल्या विषयाशी संबंध येतो, हेही त्याच कागदावर लिहावे. याला नवा कायदा लागत नाही, मनाची तयारी लागते. आणि जो घेणार नाही, त्याच्या प्रभागातल्या लोकांनी २००५ च्या माहिती अधिकाराखाली ठरावांच्या नकला मागवाव्यात.

आपल्यापैकी ज्यांची नावे शहराच्या मतदार यादीत आहेत, ज्यांची मुले-सुना तिथे राहतात, त्यांनी हा आग्रह धरावा. गावोगावच्या सभासदांनीही विकास आराखडा जाहीर झाला की तो पाहावा, हरकती मुदतीत नोंदवाव्यात. मुदत संपल्यावर मोर्चा काढून उपयोग होत नाही. नगरसेवक आडत्या असो, मास्तर असो की कुणाची सून असो, आमची त्याला हरकत नाही. तो कशासाठी बसला आहे हे त्याने सांगावे, आणि आपण ते पाच वर्षे विसरू नये.