वीज हेही औषधच

विजेचे जाळे वाढवण्याची चर्चा सध्या गिगावॉटमध्ये चालते. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमता उभारण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी उच्चदाब वाहिन्या टाकणे भागच आहे, कारण वारा आणि ऊन एका ठिकाणी असते, कारखाने व शहरे दुसऱ्या. कोळशाचा धूर कमी झाला तर दमा आणि हृदयविकारही कमी होतील. म्हणून डॉक्टर या नात्याने आम्ही या बदलाच्या बाजूचेच आहोत. प्रश्न आहे तो वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा.

अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरात वीज म्हणजे केवळ दिवा नव्हे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. सिकलसेलच्या रुग्णाला लागणारे रक्त २ ते ६ अंशांत जपावे लागते. कमी वजनाचे बाळ वॉर्मरखाली असताना वीज गेली, तर त्याचे अंग काही मिनिटांत गार पडू लागते. लसीचा शीतकपाट दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तग धरतो. वॉर्मर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तसा धरत नाहीत. पावसाळ्यात दरड कोसळून किंवा झाड पडून तार तुटली की दुरुस्तीला वेळ लागतो. व्होल्टेज कमी-जास्त झाले की यंत्रे जळतात, ते वेगळेच.

या जिल्ह्याचा विजेशी जुना हिशेब आहे. सरदार सरोवराची क्षमता १४५० मेगावॉट; त्यातली २७ टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची. त्यासाठी अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावे बाधित झाली. त्याच काळात बिलगावच्या लोकांनी श्रमदानातून धबधब्यावर छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. २००३ मध्ये तिथे दिवे लागले. २००६ च्या पुरात धरणाच्या फुगवट्याने तो प्रकल्प गिळला. गावाजवळ तयार होणारी वीज आणि दूरवरून येणारी वीज एकमेकींच्या वैरी नाहीत, पण नियोजनात धाकटीचा विचार झाला नाही, तर ती अशीच बुडते.

आता शेजारच्या धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरतात, साक्रीत सौरपटले चमकतात. ती वीज वाहून नेण्यासाठी जसा पैसा लागतो, तसाच थोडा पैसा आरोग्यकेंद्राकडे जाणाऱ्या ११ केव्ही वाहिनीसाठीही वेगळा ठेवायला हवा. प्रत्येक प्राथमिक आरोग्यकेंद्राला शक्यतो स्वतंत्र फीडर, छतावर सौरपटले आणि प्रसूतिकक्ष रात्रभर चालेल एवढी बॅटरी, असे तिन्ही मिळाले पाहिजे. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात असावा. नाहीतर सौरपटल शोभेचे उरते.

वाचकांनाही एक काम आहे. आपल्या आरोग्यकेंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत विचारा: गेल्या महिन्यात वीज किती तास गेली? त्याची नोंद आहे का? बॅटरी चालू आहे का? औषधाचा साठा आपण मोजतो, तसेच विजेचे तासही मोजले पाहिजेत. उच्चदाब वाहिनीचे उद्घाटन शहरात होईल. ती पुरी झाली की नाही, हे मात्र सातपुड्यातल्या प्रसूतिकक्षात रात्री दोन वाजता कळेल.