स्थळ चांगलं आहे, पण चौकशी केलीत का?



मागच्या महिन्यात रायापूरहून धारवाडला चिगरी बसनं येत होते. शेजारी ओळखीतली एक मुलगी बसली होती. मुलगी म्हणायची आपली सवय, वय पंचेचाळिशीचं. चांगली नोकरी आहे, घरी एकटीच असते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "काकू, दिल्ली विमानतळावर पार्सल अडकलं तर कस्टमवाले आपल्याला फोन करतात का हो?"

"कुणी पाठवलंय गं पार्सल?" मी विचारलं. ती गप्प झाली. टोलनाका येईपर्यंत मात्र सगळं बाहेर आलं. लग्नाच्या संकेतस्थळावर ओळख झालेली. तो म्हणे लंडनला डॉक्टर. तीन महिने रोज "जेवलीस का?" म्हणून विचारणारा. त्यानं दागिने आणि घड्याळ पाठवलं होतं, आणि ते सोडवायला अठ्ठेचाळीस हजार भरायचे होते. घरी कुणालाच माहीत नव्हतं, कारण "नक्की ठरेपर्यंत कुणाला सांगू नकोस" असं त्यानंच बजावलं होतं.

मंडळी, पार्सलचा हा डाव जुना आहे. पहिला फोन "कस्टम"चा येतो, मग "दंड", मग "आयकर", आणि पैसे मात्र दर वेळी कुणातरी व्यक्तीच्या खात्यावर मागतात. कस्टम खातं असं फोन करून खासगी खात्यावर पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. दुसरा डाव गुंतवणुकीचा. गोड बोलून एखादं ॲप घ्यायला लावतात, आधी थोडा नफा काढूही देतात. मोठी रक्कम गेली की दार बंद.

समोर नक्की कोण असतं? मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना परत आणलं. नोकरीच्या आमिषानं नेऊन त्यांना म्यानमारच्या सीमेवरच्या अड्ड्यांत ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं होतं. म्हणजे आपल्याला गोड संदेश पाठवणारा एखाद्या खोलीत बसून नेमून दिलेलं काम करत असेल.

मग संकेतस्थळावर नाव घालायचंच नाही का? तसं नाही. आपल्या इथल्या मराठी घरांना स्थळं बेळगाव, पुणे, मुंबईकडं शोधावी लागतात, त्याला ही सोय उपयोगीच आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये अशा संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. पण माहिती खरी की खोटी हे शेवटी आपणच बघायचं. पूर्वी स्थळ आलं की त्या गावातला ओळखीचा माणूस शोधून आडून चौकशी व्हायची. ती पद्धत सोडू नका. फोटो गुगलवर शोधून बघा, दुसऱ्याच कुणाचा निघू शकतो. नोकरीच्या ठिकाणी विचारा. आता व्हिडिओ कॉलवरचा चेहराही खोटा करता येतो, म्हणून घरच्या कुणाला तरी बरोबर घेऊन चारचौघांत भेटा. आणि भेटीआधी पैशाचा विषय निघाला, मग कारण आजारपणाचं असो की तिकिटाचं, तिथंच थांबा.

पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तर येतात, म्हणून एकेक तास मोलाचा. हुबळी-धारवाड पोलिसांचं सीईएन ठाणं अशाच गुन्ह्यांसाठी आहे. रागाच्या भरात संदेश पुसून टाकू नका, तोच पुरावा. नंतर "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारा भेटला तर तोही भामटाच समजा.

घरच्यांनाही एक सांगणं. "एवढी शिकलेली असून फसलीस कशी?" हे वाक्य तोंडातून काढू नका. या एका वाक्याच्या भीतीनं माणसं गप्प बसतात, आणि ती गप्प बसली की भामट्याचं काम सोपं होतं.

आमच्या त्या मुलीनं पैसे भरले नाहीत. फोनवरचे संदेश जपून ठेवून तिनं तक्रारही केली. चार दिवसांनी भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, पैसे वाचले, पण रोज कुणीतरी विचारत होतं हो." त्यावर मला काही बोलता आलं नाही. त्या रविवारी तिला जेवायला बोलावलं.

आपल्या मंडळातही एकटी राहणारी माणसं आहेत. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाला तरी फोन करा, आणि "जेवलात का?" म्हणून आपणच विचारा.