शिंपला, चुना आणि आजीची गोळी

बालदोस्तांनो, भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात की शिंपले गोळा करता ना? वाळूसकट खिशात कोंबून घरी आणता आणि आईची बोलणी खाता! आज त्यातला एक शिंपला घ्या आणि आजीकडून तिच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी मागून घ्या. गोळी काढायची नाही हं, नुसतं वाचायचं. बारीक अक्षरांत बहुधा ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ असं छापलेलं असेल. तुमचा शिंपलासुद्धा जवळजवळ सगळा त्याचाच बनलेला आहे. काही पट्ट्यांवर तर ‘ऑयस्टर शेल’, म्हणजे चक्क कालवांच्या शिंपा, असंच लिहितात!

मग त्याच पट्टीवर ‘कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ.’ असं का? कारण कॅल्शियम तिथे एकटं नसतं. या क्षाराच्या १०० भागांत ४० भाग कॅल्शियम, १२ भाग कार्बन आणि ४८ भाग ऑक्सिजन. आता १२५० चे ४० टक्के काढा बघू. आलं ना उत्तर?

आपल्या रत्नागिरीत जांभा भरपूर, काळा दगडही आहे, पण चुनखडीच्या मोठ्या खाणी नाहीत. त्या तिकडे यवतमाळ-चंद्रपूरकडे. म्हणून कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच चुना करायचे. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला शिंपल्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, वाफा निघतात. तो विरला की भिंतीला द्यायचा नाहीतर पानाच्या डब्यात जायचा. गंमत अशी, की भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, तेही याचमुळे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मागे वर्गात एकाने विचारलं, “बाई, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाल्ला की उंची वाढते ना? बाबांच्या मोबाइलवर आलंय.” नाही रे बाबा! गोळीतलं कॅल्शियम कार्बोनेट सौम्य असतं. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दोघंही पांढरे, पण स्वभाव अगदी निराळा. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका पोळते. आणि उंची आईवडिलांकडून येते, पोटभर सकस खाण्याने आणि झोपेने साथ मिळते. चुन्याने ती ताणत नाही.

पालकांनो, हे तुमच्यासाठी. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागू देऊ नका. दाबताना फुटली तर चुना थेट डोळ्यात जातो आणि आत खोल शिरत राहतो. नजर जाऊ शकते. असं झालंच तर डोळा चोळू नका, लिंबू, तूप काही घालू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा, अर्धा तास तरी डोळा धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा.

मग कॅल्शियम कुठून मिळवायचं? १० ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५० मि.ग्रॅ. लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. म्हणजे आपली नाचणीची भाकरी पुढेच! शिवाय कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खाल्लीत तर उत्तमच. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, तेव्हा उन्हात खेळा. गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितली तरच. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घेतात, कारण तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आणि शाळेत मिळणारी लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका. कॅल्शियम लोहाला आड येतं. किनाऱ्यावरचे शिंपले घरी कुटून खायचा उद्योगही नको. त्यात समुद्रातली घाण, शिसंसुद्धा असू शकतं.

पोटातली ती गंमत बाहेर बघायचीय? शिंपला स्वच्छ धुवा, त्याचा छोटा तुकडा पेल्यात टाका आणि वर लिंबू पिळा. बुडबुडे येतील. तो भट्टीत उडून जाणाराच कार्बन डायऑक्साइड. पेल्यात आता थोडं कॅल्शियम सायट्रेट तयार झालंय, आणि या नावाच्याही गोळ्या दुकानात मिळतात. तो रस पिऊ नका, ओतून द्या. मग अंड्याचं कवच आणि फळ्याचा खडू घेऊन तेच करा. खडूला फारसे बुडबुडे आले नाहीत, तर तो बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा आहे असं समजा.