मावळातील लाकडी घराचा आठवडा : मालकी, हक्क की केवळ हप्ता?

पुणे, (प्रतिनिधी) : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मावळ तालुका दोन्ही शहरांच्या अंगणात आला. लोणावळा-खंडाळ्याला पूर्वीपासूनच बंगल्यांची परंपरा होती. आता पवना जलाशयाच्या काठचे तंबू, कार्ला-मळवली परिसरातील कॉटेजेस, तळेगाव दाभाड्याच्या बाजूची शेतघरे अशी शहरी पर्यटकांची पांगापांग साऱ्या तालुक्यात झाली आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातील वराळ्यासारखे गाव तर एकीकडे तळेगावची औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे डोंगररांगा यांच्या मध्ये आहे. अशा ठिकाणी स्वतःचे घर बांधणे मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडत नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग सुचविला जातो, तो टाइमशेअरचा. घर नको, घराचा आठवडा घ्या. लाकडी केबिन, समोर हिरवळ, मागे डोंगर आणि दरवर्षी सात रात्री हक्काच्या, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते.

कल्पना आकर्षक आहे आणि मुळातच फसवी आहे असेही नाही. तथापि सही करण्यापूर्वी आपण नेमके काय विकत घेत आहोत, त्याची प्रत्येक रात्र कितीला पडते आणि नको झाल्यास बाहेर कसे पडायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळालेली असावीत. बहुतेक कुटुंबे पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात, आणि तेथेही उत्तर विक्रेत्याकडूनच घेतात.

मालकी कशाची?

टाइमशेअरची कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्समधील आल्प्स पर्वतात रुजली. भारतात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्सने आणि १९९६ पासून महिंद्र हॉलिडेजच्या 'क्लब महिंद्र'ने ती मध्यमवर्गापर्यंत नेली. ठराविक रक्कम आधी भरायची, त्याबदल्यात अनेक वर्षे, बहुधा २५ वर्षे, दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क मिळवायचा आणि शिवाय वार्षिक देखभाल शुल्क देत राहायचे, हा त्याचा सर्वसाधारण आराखडा आहे.

यात सभासदाला जमीन मिळत नाही, भिंत मिळत नाही आणि छप्परही मिळत नाही. मिळतो तो वापराचा हक्क. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्याचे नाव लागत नाही. 'हा आठवडा मुलांच्या नावावर करता येईल' असे सांगितले जाते. पण मुलांकडे जातो तो करार, आणि त्याच्याबरोबर शुल्क भरण्याची जबाबदारीही. २५ वर्षांच्या करारात समोरचा पक्षही तोच राहील याची खात्री नसते. स्टर्लिंगसारखी जुनी कंपनी थॉमस कुक इंडियाच्या ताब्यात जाण्याचा व्यवहार २०१४ मध्ये जाहीर झाला. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत असे हस्तांतर सुरळीत होऊ शकते. एकाच टेकडीवर दहा-बारा केबिन उभारणाऱ्या प्रवर्तकाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही.

काही योजनांत 'जमिनीतील हिस्सा' देऊ केला जातो. तेथे प्रश्न अधिक गंभीर होतो. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही. त्यामुळे केबिनखालची जमीन बिगरशेती झाली आहे काय, बांधकामाला पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाची मंजुरी आहे काय, हे पाहणे अपरिहार्य ठरते. पश्चिम घाट पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा केंद्राने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. मावळातील कोणतेही गाव निवडताना ते त्या यादीत आहे का, हेही तपासावे. केबिन लाकडाची आहे, पाया पक्का नाही, म्हणून परवानगी लागत नाही, या तोंडी आश्वासनावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

एका रात्रीचा हिशेब

दुसरा प्रश्न पैशांचा. उदाहरणादाखल सभासदत्वाची किंमत ४ लाख रुपये धरू. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून ४ लाख ७२ हजार रुपये होतात. हीच रक्कम ७ टक्के दराने ठेवली असती तर वर्षाला ३३ हजार ४० रुपये व्याज मिळाले असते. वार्षिक देखभाल शुल्क १८ हजार रुपये मानले तर करासह २१ हजार २४० रुपये. म्हणजे पहिल्याच वर्षी ५४ हजार २८० रुपये खर्ची पडले. साती रात्री वापरल्या तर एक रात्र ७ हजार ७५४ रुपयांना पडते. चारच रात्री वापरल्या तर १३ हजार ५७० रुपयांना. यात जेवण नाही, प्रवास नाही. आणि मुद्दल परत मिळणार नाही, हे तर धरलेलेच नाही.

याउलट सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोलीवर ५ टक्केच कर आकारला जातो. तेथे आगाऊ काही गुंतवावे लागत नाही, आणि न गेल्यास काही द्यावे लागत नाही.

'हॉटेलचे दर वाढत जातील, तुमची किंमत मात्र आजच गोठली', हा विक्रेत्यांचा मुख्य युक्तिवाद असतो. तो अर्धाच खरा आहे. गोठते ती सभासदत्वाची किंमत. देखभाल शुल्क गोठत नाही. वरील १८ हजारांचे शुल्क दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर पंचविसाव्या वर्षी ते करापूर्वीच सुमारे ७३ हजार रुपये होते. लाकडी केबिनच्या बाबतीत ही वाढ विशेष महत्त्वाची ठरते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला तळेगाव-वराळ्याकडे तो बराच कमी असला तरी ओल आणि वाळवी यांपासून लाकूड राखण्याचा खर्च टळत नाही. तो खर्च अखेर सभासदांकडूनच वसूल होतो. म्हणून शुल्कवाढीवर करारात लेखी मर्यादा आहे का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे.

जवळचे ठिकाण, वेगळा हिशेब

मावळच्या संदर्भात आणखी एक मुद्दा आहे. टाइमशेअरचा लाभ साधारणपणे त्या कुटुंबांना होतो, जी दरवर्षी सलग आठवडाभर, शाळेच्या सुट्ट्या पाहून, काही महिने आधी नियोजन करून लांबच्या आणि निरनिराळ्या ठिकाणी जातात. पुण्याहून मावळात जाण्याची रीत अशी नाही. तास-सव्वा तासाच्या अंतरावर कोणी सात दिवस मुक्काम करीत नाही. शनिवारी जायचे आणि रविवारी परतायचे, हाच परिपाठ. शनिवार-रविवार मात्र साऱ्याच सभासदांना हवा असतो. हंगामानुसार सभासदांची वर्गवारी करण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. स्वस्त वर्गात गर्दीच्या तारखा नसतात, आणि महाग वर्गातही त्या मिळतीलच असे नाही.

त्यात पावसाळ्याचा प्रश्न. मावळात जायचे ते पावसासाठी. परंतु ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा बळी गेला. अशा घटनांनंतर जिल्हा प्रशासनाने धबधबे व धरण परिसरात प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. ते आवश्यकच आहेत. मात्र ज्या आठवड्यासाठी पैसे मोजले, त्याच आठवड्यात परिसर बंद असेल तर तो आठवडा पुढे ढकलता येतो की बुडतो, याचे उत्तर करारात शोधावे लागते.

पॅनकार्डचा धडा

सर्वाधिक सावधगिरी हवी ती 'राहिला नाहीत तर पैसे वाढून परत' या आश्वासनाबाबत. महाराष्ट्राने त्याची मोठी किंमत मोजली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील 'रूम नाइट्स' विकण्याच्या नावाने वर्षानुवर्षे पैसे गोळा केले. खोली वापरली नाही तर मुदतीअखेर वाढीव रक्कम मिळेल, असे त्याचे स्वरूप होते. सेबीने ही परवाना नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचा निष्कर्ष काढला आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने ५१ लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे ७ हजार ३५ कोटी रुपये परत करण्यास सांगितले. आदेश झाला, मालमत्तांचे लिलाव निघाले, नंतर प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेत गेले. पैशांसाठी गुंतवणूकदारांच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली. रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या सुट्टी योजनांबाबतही सेबीने ऑगस्ट २०१५ मध्ये असाच आदेश दिला होता.

यातून निघणारा निकष सोपा आहे. राहण्यासाठी पैसे दिले तर ती सेवा. परताव्यासाठी दिले तर ती गुंतवणूक, आणि तिला सेबीची नोंदणी हवी. केबिनच्या विक्रीत 'हमखास भाडे', 'बायबॅक' हे शब्द आले की टाइमशेअरचा विषय संपून दुसराच विषय सुरू झाला, असे समजावे.

बाहेर पडण्याची वाट

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार तेथील ग्राहकाला १४ दिवसांत विनाकारण करार रद्द करता येतो आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घेण्यासही बंदी आहे. आपल्याकडे अशी मुदत देणे कंपनीच्या मर्जीवर आहे. काही कंपन्या ती करारात देतात. ती किती दिवसांची आणि कोणत्या तारखेपासून, हे सहीपूर्वी वाचावे. जेवणाच्या कूपनचे आमिष दाखवून बोलावलेल्या सादरीकरणात 'सवलत आजच्यापुरतीच' असे बजावले जाते, ते नेमके हे वाचन टळावे म्हणून.

वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे येतात, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारांवर शुल्क नाही. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने स्पष्ट झाले आहे. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. शिवाय आठवडा भाड्याने देऊन नफा मिळविण्यासाठी सभासदत्व घेतले, असे दिसल्यास 'ग्राहक' या व्याख्येतून बाहेर फेकले जाण्याचा धोका संभवतो.

या साऱ्याचा अर्थ टाइमशेअर कोणीच घेऊ नये असा नाही. ज्यांच्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत, ज्यांना अनेक ठिकाणी जायचे आहे आणि जे दरवर्षी साती रात्री खरोखर वापरतील, त्यांचा हिशेब जुळू शकतो. पण मावळातील एकाच जागेच्या केबिनसाठी २५ वर्षे बांधून घेण्याआधी तीच केबिन दोनदा भाड्याने घेऊन पाहावी, एकदा जुलैत आणि एकदा मे महिन्यात. जुलैत छप्पर आणि मे महिन्यात पाणी कसे आहे, ते कळेल. भाड्याची रक्कम दोन्ही वेळा वरील हिशेबापेक्षा कमी निघाली, तर निर्णय वेगळा घ्यावा लागणार नाही.