डॉटनंतरचं नाव कोणाच्या मालकीचं?



ब्रह्मपुरीत आमच्या अभ्यासिकेच्या पोरांनी वेबसाईट काढायचं ठरवलं. नाव काय ठेवायचं यावर दोन तास वाद झाला. पण डॉटनंतर जे येतं, कॉम, इन, भारत, ते ठरवतं कोण, हे एकानेही विचारलं नाही.

आपण नामांतराच्या लढ्याची माणसं. विधिमंडळाचा ठराव 1978 चा, आणि विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब यायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. मधल्या काळात घरं जळली, माणसं मारली गेली. नावात सत्ता असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

इंटरनेटवरच्या या शेवटच्या नावांचा कारभार आयकॅन ही 1998 साली अमेरिकेत स्थापन झालेली संस्था पाहते. 2012 साली तिने नव्या नावांसाठी अर्ज मागवले. फी होती 1 लाख 85 हजार डॉलर. 1930 अर्ज आले. त्यात उत्तर अमेरिकेचे 911, युरोपचे 675 आणि अख्ख्या आफ्रिका खंडाचे 17! गरजूंसाठी फी सवलतीची योजना होती. तिच्यासाठी तीन अर्ज आले, पात्र ठरला एक. दार सर्वांना उघडं म्हणायचं आणि उंबरठा पुरुषभर उंच ठेवायचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे. 30 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या फेरीची फी आहे 2 लाख 27 हजार डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये. 85 टक्के सवलत मिळाली तरी तीस लाख उरतात. आपली कोणती संस्था भरेल?

पैसेवाल्याला नाव मिळालं तर आपलं काय बिघडतं? ॲमेझॉनचं उदाहरण बघा. हे नदीचं आणि जंगलाचं नाव. तिथे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. '.ॲमेझॉन' कंपनीला देऊ नका, असं ब्राझील आणि पेरू वर्षानुवर्षं सांगत राहिले. 2019 साली आयकॅनने ते कंपनीलाच दिलं. उलट '.पॅटागोनिया' मागणाऱ्या कपड्यांच्या कंपनीने अर्जेंटिना आणि चिलीच्या विरोधानंतर 2013 साली अर्ज मागे घेतला. म्हणजे विरोध दरवेळी जिंकत नाही, पण वायाही जात नाही.

भारत सरकारलाही हे माहीत आहे. '.राम' आणि '.इंडियन्स' या अर्जांवर त्याने आक्षेप नोंदवला होता. मग उद्या एखाद्या कंपनीने गोंड, माडिया यांच्या नावावर दावा केला, तर हेच सरकार तेवढ्याच तत्परतेने उभं राहील का?

शंका उगाच नाही. देवनागरीतलं '.भारत' 2014 साली सुरू झालं, मराठीची सोय झाली. पण आपल्या शेजारच्या गडचिरोलीत घराघरात बोलली जाणारी गोंडी? 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे तीस लाख, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. गोंडीच्या दोन लिप्या 2017 आणि 2018 साली युनिकोडमध्ये आल्या. मात्र डॉटनंतरच्या नावांसाठी ज्या नऊ ब्राह्मीजन्य भारतीय लिप्यांचे नियम आयकॅनने तयार करून घेतले, त्यांत त्या नाहीत.

काही कार्यकर्ते म्हणतील, पोटाचे प्रश्न सोडून हे काय काढलं? मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळवला, तेव्हाच बांबू विकून पोटाला आधार मिळाला. कागद ज्याच्या हातात, हक्क त्याचा.

म्हणून तीन कामं. संस्थेचं डोमेन एका कार्यकर्त्याच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर नोंदवा. नव्या फेरीतल्या नावांची यादी जाहीर होईल तेव्हा ती वाचा. मत नोंदवायला फी लागत नाही. आणि सरकारकडे मागणी करा, की आदिवासी समूहाच्या नावावर अर्ज आला तर त्या समूहाला विचारल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

नामांतराच्या वेळी आपण रस्त्यावर होतो. या वेळी यादी वाचायला तरी बसू या.

जय भीम! जय सेवा!