मेळघाटचे किशोर रिठे आणि अकोटची रेल्वे

अकोल्याच्या डाळ आणि सरकीच्या पेठेत एक तक्रार वारंवार ऐकू येते : खंडव्याची गाडी पर्यावरणवाल्यांनी अडवली. मीनाक्षी एक्सप्रेसने माळवा-राजस्थानकडे ये-जा करणाऱ्या पिढीला ही गोष्ट विशेष सलते. मीटरगेज मार्ग २०१७ च्या प्रारंभी बंद झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडगेज आली ती अकोटपर्यंतच. ज्यांच्यावर हा रोष असतो त्यांपैकी एक ठळक नाव अमरावतीचे किशोर रिठे यांचे. त्यांची बाजू शांतपणे समजून घेणे व्यापाऱ्यांच्याही हिताचे आहे.

अभियांत्रिकी शिकलेल्या रिठे यांनी तरुण वयातच मेळघाटची वाट धरली. त्या वेळी वन्यजीवरक्षण म्हणजे हौशी मंडळींचा छंद, असाच शहरात समज होता. १९९४ साली शासनाने मेळघाट अभयारण्याचे क्षेत्र बरेच घटवले, तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत अमरावतीची नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी आणि रिठे होते. जंगलालगतच्या गावांना आरोग्य व रोजगार मिळाल्याखेरीज वाघ टिकणार नाही, हे ओळखून २००१ साली त्यांनी सातपुडा फाउंडेशन स्थापन केले. पुढे ते राष्ट्रीय वन्यजीव मंडळावर गेले आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे संचालकही झाले. पदांची यादी याहून मोठी आहे; तिचे येथे प्रयोजन नाही.

आता रेल्वेचा प्रश्न. जुना मार्ग धुळघाटचे प्रसिद्ध वळण घेत सुमारे ३९ किलोमीटर व्याघ्रप्रकल्पातून जातो. याच वाघासाठी बोरी, कोहा आणि कुंड या गावांनी पिढ्यानपिढ्यांची घरे सोडली व ती अकोट तालुक्यात येऊन वसली. माणसांना उठवून मोकळे केलेले जंगल वेगवान गाड्यांना द्यायचे, हे न्यायाचे कसे ठरेल? शिवाय वान आणि शहानूर या नद्या याच डोंगरांतून उतरतात. अकोट, तेल्हारा, अंजनगाव, दर्यापूरचे पिण्याचे पाणी त्यांच्याच धरणांचे.

रिठे आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांचा विरोध रेल्वेला नव्हे, त्या मार्गाला आहे. हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनारवरून तुकईथडला जाणारा पर्याय त्यांनी आग्रहाने मांडला. २०२१ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीही रेल्वेमंत्र्यांना तसे पत्र लिहिले. अंतर सुमारे ३० किलोमीटरने वाढते आणि खर्चही वाढतो, हे खरे. परंतु जंगलातल्या स्थानकांवर माल चढवणारे असे होते तरी किती? उलट नव्या वाटेवर कापसाची आणि संत्र्याची गावे आहेत, आणि त्या गावांचा माल आज ट्रकनेच जातो.